गूगल स्कॉलर : कोसंबींच्या तराजूवर

उपयोजित गणिताच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाने आयुष्यभरात किती लिहिले आणि त्या लिखाणाचा इतरांनी किती उपयोग केला, हे एका बैठकीत पाहायचे असेल, तर आज बहुतेकांचा हात पहिल्यांदा गूगल स्कॉलरकडे जातो. शोधनिबंध धुंडाळणारी गूगलची ही सेवा 2004 च्या नोव्हेंबरमध्ये अनुराग आचार्य आणि ॲलेक्स वर्स्टाक यांनी सुरू केली, 2011 मध्ये तिच्यात लेखकांची प्रोफाइले आली, आणि तेव्हापासून एच-इंडेक्स (इतरांनी लिखाण किती वेळा उद्धृत केले यावरून काढलेला अंक) हा शब्द विभागप्रमुखांच्या तोंडी वार्षिक वेतनवाढीइतका रुळला. मी गणित शिकवतो आणि गेली अनेक वर्षे ही सेवा जवळजवळ रोज वापरतो. तरीही तिच्याविषयी नीट लिहायचे, तर स्वतःच्या प्रोफाइलपेक्षा अधिक कठीण परीक्षा घ्यावी असे वाटले, म्हणून मी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे गणिती काम तिच्यात शोधायचे ठरवले.

कोसंबी निवडण्याचे कारण भावनिक नाही. 1907 मध्ये गोव्यातील कोसबें येथे जन्मलेला, 1929 मध्ये हार्वर्डमधून पदवी घेतलेला, बनारस आणि अलीगढनंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे 1946 ते 1962 टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेला हा गणितज्ञ भूमिती, संभाव्यता, आनुवंशिकी आणि नाणकशास्त्र अशा चार ठिकाणी गणित लावून गेला. शिवाय इतिहास आणि संस्कृत संहितासंपादन यांत त्यांचे नाव इतके मोठे झाले, की मराठी वाचकालाही ते गणितज्ञ होते हे अनेकदा आठवण करून द्यावे लागते. अशा माणसाचे काम जी सेवा सरळ मांडू शकेल, ती इतर कुणाचेही मांडू शकेल, असा माझा अंदाज होता. अंदाज अर्धाच खरा ठरला.

पहिली अडचण नावातच आली. स्कॉलरचे प्रोफाइल ज्याचे त्यानेच उघडून संस्थेच्या ईमेलने पडताळायचे असते, आणि 1966 मध्ये गेलेल्या माणसाला ते शक्य नाही, म्हणून लेखकाच्या नावाने शोध घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. स्कॉलर नावे आद्याक्षरांनी ओळखते. वडील धर्मानंद दामोदर कोसंबी, म्हणजे डी. डी. कोसंबी, मुलगा दामोदर धर्मानंद कोसंबी, म्हणजे पुन्हा डी. डी. कोसंबी. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीने यंत्राला असा चकवा दिला आहे, की बौद्ध धर्मावरील ग्रंथ आणि वक्ररेषांच्या भूमितीवरील निबंध एकाच आद्याक्षरांखाली येऊ शकतात. जिथे तिथे एस. पाटील, ए. कुलकर्णी आणि एम. जोशी असलेल्या महाराष्ट्रात हा दोष केवळ गमतीचा राहत नाही. एका महाविद्यालयात माझ्या ओळखीच्या गणिताच्या अध्यापकाच्या प्रोफाइलमध्ये हृदयरोगावरचे निबंध आपोआप जमा झाले होते आणि पदोन्नतीच्या अर्जाची छाननी होईपर्यंत ते कुणाच्याही लक्षात आले नव्हते. त्यांच्याही नाही, कारण आकडा वाढत असताना यादी तपासून पाहण्याची इच्छा फार थोड्यांना होते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रियांची अडचण याच्या उलट आहे. त्यांचे काम दोन नावांत विभागले जाते आणि ते हाताने जोडेपर्यंत दोन्ही नावे दुबळी दिसतात.

कोसंबींच्या बाबतीत दोन्ही दोष एकत्र भेटतात. 1960 च्या दशकात त्यांनी अविभाज्य संख्यांवरील काही निबंध एस. ड्यूक्रे या टोपणनावाने छापले. ते कोसंबींचे आहेत हे चरित्र वाचलेल्यालाच कळते, स्कॉलरला कळण्याचा काही मार्ग नाही. 1931 मध्ये त्यांनी अस्तित्वातच नसलेल्या एका बुर्बाकीच्या प्रमेयावर गंमत म्हणून निबंध लिहिला, आणि बुर्बाकी हे नाव छापील गणिती लेखनात तिथे प्रथम आले, हे तर अधिकच अवघड प्रकरण आहे. फ्रेंच गणितज्ञांच्या गटाने पुढे तेच नाव धारण केले. उद्धरणांच्या कोणत्या खात्यात ही नोंद टाकायची, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

आता आकड्यांकडे येतो. नेमका आकडा मी इथे मुद्दाम देत नाही, कारण स्कॉलरचा आकडा आठवड्यागणिक हलतो आणि कधी कधी कमीही होतो. प्रमाण मात्र पहिल्याच पानावर लख्ख दिसते. कोसंबींच्या गणिती कामापैकी सर्वांत मोठा साइटेड-बाय आकडा, म्हणजे तो निबंध उद्धृत करणाऱ्या लेखांची संख्या, ज्याच्याखाली आहे, तो निबंध ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’च्या बाराव्या खंडात आलेला चार पानांचा मजकूर आहे. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर पुनर्संयोगाच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीने जनुकांची नवी जोडणी होण्याच्या, प्रमाणावरून कसे काढावे, एवढाच त्याचा विषय. 1919 मध्ये हाल्डेन यांनी यासाठी एक सूत्र दिले होते, पण त्यात गुणसूत्राची प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र मानलेली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते, आणि कोसंबींनी हा व्यत्यय सूत्रात आणला. पुनर्संयोगाचे प्रमाण 20 टक्के असेल, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे 25.5 सेंटिमॉर्गन (जनुकीय अंतराचे एकक) येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे 21.2. भात, गहू, ज्वारी, हरभरा अशा पिकांचे जनुकीय नकाशे करणाऱ्यांना हे सूत्र इतके सोयीचे वाटले, की नकाशे काढणाऱ्या संगणक-प्रणालींमध्ये कोसंबी हा आज एक पर्याय म्हणून निवडता येतो. या नकाशांवर काम करणाऱ्या कित्येकांना हे कोसंबी म्हणजे इतिहासकार कोसंबी हे ठाऊक नसावे, असे मला त्यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून वाटते.

आणि इथेच स्कॉलरच्या मोजणीतली पहिली खोच दिसते. याच निबंधाचे वर्ष काही लोक 1943 देतात आणि काही 1944. काही जण नियतकालिकाचे नाव अपुरे लिहितात, काहींचा पृष्ठांक चुकतो. स्कॉलर यातील बरेच प्रकार एकत्र गुंफते, पण सगळे नाही. उरलेले दुवा नसलेल्या, केवळ उद्धरण म्हणून दाखवलेल्या नोंदींत अडकून राहतात. हयात लेखक आपल्या प्रोफाइलमध्ये दोन नोंदींवर खूण करून त्या जोडू शकतो, आणि जोडल्यावर आकड्याशेजारी तारांकन येते. बेरीज पूर्ण खात्रीची नाही, याची ती प्रामाणिक कबुली मला या सेवेच्या मोजक्या सभ्य गोष्टींपैकी एक वाटते. गेलेल्या लेखकासाठी हे काम कुणी करत नाही.

दुसरी खोच अधिक खोल आहे. 1943 मध्येच कोसंबींनी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. यादृच्छिक फलन परस्परलंब फलनांच्या बेरजेत असे मांडायचे, की त्यांच्या सहगुणकांत परस्पर सहसंबंध राहणार नाही, हा त्याचा गाभा. हीच कल्पना कार्हुनेन यांनी 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि लोएव्ह यांनी 1948 मध्ये स्वतंत्रपणे मांडली, आणि जगाने तिला कार्हुनेन-लोएव्ह विस्तार असे नाव दिले. प्रवाही पदार्थांतील खळबळ समजून घेण्यासाठी लमली यांनी 1967 मध्ये हेच तंत्र वापरले, 1987 मध्ये सिरोविच आणि किर्बी यांनी मानवी चेहऱ्यांच्या चित्रांसाठी ते लावले, आणि आज अभियांत्रिकीत अनिश्चिततेचे गणित करणारा प्रत्येक जण ते जाणतो. स्कॉलरमध्ये कार्हुनेन-लोएव्ह शोधले, तर निकालांची रांग संपत नाही. कोसंबींच्या निबंधाखालचा आकडा मात्र त्या चार पानांच्या जनुकीय निबंधापुढे नगण्य आहे. युद्धाच्या वर्षांत भारतातील नियतकालिकात छापलेले काम बाहेर फारसे पोचले नाही, ही त्या काळाची गोष्ट झाली. पण आज कुणी केवळ आकडा पाहून कोसंबींचे मोठे काम कोणते हे ठरवले, तर तो उत्तर उलटे काढील, आणि स्कॉलरच्या पानावर त्याला सावध करणारे काहीही नाही.

याविषयी खुद्द कोसंबींनी दिलेले एक साधन मला फार उपयोगी वाटले. तक्षशिलेला सापडलेल्या आहत (ठसे मारून पाडलेल्या) नाण्यांचा कालक्रम लावण्यासाठी त्यांनी नाण्यांची वजने घेतली. नाणे हातोहात फिरले की दर व्यवहारात त्याचा कण झिजतो, त्यामुळे एका गटाचे सरासरी वजन जितके घटलेले आणि वजनांतला फरक जितका पसरलेला, तितका तो गट जास्त काळ चलनात राहिलेला, असा त्यांचा तर्क होता. तो तपासायला त्यांनी आपल्या काळातील चालू नाणीही हजारोंनी तोलली. शोधनिबंधाचे चलन निराळ्या रीतीने झिजते. तो फिरू लागला की आकडा प्रथम वाढतो. पण कल्पना अगदी सगळ्यांची झाली, की मूळ निबंधाचे नाव घेण्याची गरज कुणालाच वाटत नाही, पाठ्यपुस्तकाचे किंवा संगणक-प्रणालीचे नाव पुरते, आणि कधी तेवढेही लागत नाही. जनुकीय नकाशे काढणाऱ्या पुष्कळ लेखांत कोसंबी फलन असा उल्लेख मजकुरात येतो आणि संदर्भसूचीत फक्त प्रणालीचे नाव असते. अशी ठिकाणे मजकुराच्या शोधात स्कॉलर दाखवते, आकड्यात मात्र धरत नाही. सर्वांत जास्त फिरलेल्या नाण्यावरचा ठसा पुसला जावा, तसा हा प्रकार आहे.

तिसरे उदाहरण भूमितीचे. 1933 मध्ये ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात कोसंबींचा मार्गांच्या (वक्ररेषांच्या) भूमितीवरील निबंध आला आणि त्याच अंकात लगेच पुढच्या पानावर फ्रेंच गणितज्ञ एली कार्तान यांची त्यावरील टिपणी छापली गेली. 1939 मध्ये चर्न यांनी विषय पुढे नेला आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला केसीसी सिद्धांत म्हणतात. पुढे कित्येक दशकांनी जीवशास्त्रीय प्रारूपे आणि गतिक प्रणालींची स्थिरता तपासणाऱ्यांनी तो उचलला. इथे स्कॉलर खरोखर कामी आले. उद्धृत करणाऱ्या लेखांची यादी वर्षानुसार गाळली, की इतक्या काळानंतर विषय कसा जागा झाला आणि तो कोणत्या देशांतल्या, कोणत्या विभागांतल्या लोकांनी जागा केला, हे अर्ध्या तासात उलगडते. एके काळी यासाठी ग्रंथालयात महिना गेला असता.

याच सोयीमुळे मी ही सेवा सोडत नाही. ती फुकट आहे, नोंदणी मागत नाही, आणि निबंधांबरोबर प्रबंध, पुस्तके, परिषदांची इतिवृत्ते, प्रकाशनपूर्व मसुदे असे सगळे धुंडाळते. उपयोजित गणितज्ञासाठी ही व्याप्ती निर्णायक ठरते, कारण त्याचे काम वापरणारे लोक गणितात बसलेले नसतात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची मॅथसायनेट ही सेवा अधिक काटेकोर आहे. तिथे लेखकांची ओळख माणसे तपासतात आणि दोन डी. डी. कोसंबी एक होण्याचा धोका बराच कमी असतो. पण तिथली उद्धरणे निवडक नियतकालिकांच्या संदर्भसूच्यांतूनच मोजली जातात आणि वनस्पती-पैदाशीची नियतकालिके त्यांत येत नाहीत, त्यामुळे कोसंबींचे सर्वांत जास्त वापरले गेलेले काम तिथे जवळजवळ अदृश्य राहते. शिवाय वर्गणी भरावी लागते आणि ती भरणारी महाविद्यालये आपल्याकडे थोडी. 1931 मध्ये सुरू झालेल्या ‘त्सेंट्रालब्लाट’ या गणिती परीक्षणांच्या नियतकालिकाचा आजचा अवतार झेडबीमॅथ 2021 पासून सर्वांना मोफत खुला आहे, कामावर दुसऱ्या गणितज्ञाने लिहिलेले परीक्षण तिथे वाचायला मिळते, आणि मला विचाराल तर एखाद्या निबंधात काय आहे हे कळण्यासाठी तसल्या दहा ओळींचे परीक्षण कोणत्याही आकड्याहून उपयोगी असते. जुने गणित शोधणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या उद्धरणे मोजणाऱ्या वर्गणीच्या सेवांविषयी मी फार लिहीत नाही: दोन्ही महाग, दोन्ही नीटनेटक्या, आणि जुन्या भारतीय नियतकालिकांच्या बाबतीत दोन्हींकडून मला निराशाच हाती आली.

स्कॉलरचा सर्वांत मोठा दोष म्हणजे कोणती नियतकालिके तपासली जातात याची यादी ते देत नाही. आकड्याच्या छेदस्थानी काय आहे हे माहीत नसताना अंशाचा अभिमान बाळगणे गणिताच्या माणसाला शोभत नाही. पडताळणीचे साधनही तोकडे आहे. कोणत्याही शोधाचे पहिले हजार निकालच पाहता येतात, माहिती मोठ्या प्रमाणात उतरवून घेण्याची अधिकृत सोय नाही, आणि थोडी घाई केली तर आपण यंत्रमानव नाही हे चित्रांतील वाहतूक-दिवे ओळखून सिद्ध करावे लागते. पूर्वी तर लॉगिन करण्याची विनंती हेच लेखकाचे नाव समजून पी. लॉगिन या नावाचा एक लेखक तयार झाला होता. 2010 मध्ये फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी यंत्राने रचलेले निरर्थक लेख एकमेकांना जोडून आइक अंत्कारे नावाचा काल्पनिक संशोधक उभा केला आणि त्याचा एच-इंडेक्स 94 पर्यंत नेऊन दाखवला. त्यानंतर सुधारणा झाल्या असतील, पण जे काही महाजालावर लेखासारखे दिसते ते गोळा करायचे, हे मूळ धोरण बदललेले नाही.

एच-इंडेक्सविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण प्रोफाइलच्या उजव्या कोपऱ्यातील तो लहानसा तक्ताच आपल्याकडे सर्वांत जास्त वाचला जातो. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेल्या या मापात, किमान एच वेळा उद्धृत झालेले एच निबंध असतील, तर तो एच म्हणजे तुमचा अंक. पाच निबंध लिहून प्रत्येकी पाच हजार उद्धरणे मिळवणाऱ्याचा अंक पाच आणि तीस निबंधांना प्रत्येकी तीस उद्धरणे मिळवणाऱ्याचा तीस. कोसंबींचा जनुकीय निबंध या हिशेबात फक्त एक मोजला जातो, त्याच्यामागे हजार नकाशे उभे असोत की शंभर. स्कॉलरने स्वतः भर घातलेला आय-टेन इंडेक्स, म्हणजे दहा किंवा अधिक उद्धरणे असलेल्या निबंधांची संख्या, हा तर त्याहून ढोबळ आहे. आंतरराष्ट्रीय गणित संघटना, औद्योगिक आणि उपयोजित गणिताची आंतरराष्ट्रीय परिषद आणि गणिती संख्याशास्त्राची संस्था यांनी मिळून 2008 मध्ये याच विषयावर अहवाल काढला होता आणि आकडा साधा आहे म्हणून तो वस्तुनिष्ठ ठरत नाही, हे पुरेशा स्पष्टपणे मांडले होते. पुढे 2023 मध्ये वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या आपल्या यादीतून गणित हा विभागच वगळला. गणितात एकूण उद्धरणे कमी असतात, म्हणून थोड्या लोकांनी ठरवून एकमेकांची नावे घेतली तरी यादी वाकते, हे त्यामागचे कारण. जिथे मोजमाप विकणाऱ्याने स्वतःच तराजू उतरवून ठेवला, तिथे आपल्या पदोन्नती-समित्या स्कॉलरचे पान छापून अर्जाला जोडायला सांगतात, हे मला अजून पचत नाही.

एक गमतीची नोंद राहिली. रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला कोसंबींच्या निवडक गणिती लेखनाचा खंड 2016 मध्ये आला. त्यातील जुने निबंध प्रकाशकाने स्वतंत्र प्रकरणे म्हणून महाजालावर ठेवले, त्यामुळे वर्षाच्या गाळणीत कोसंबी 2016 मध्येही लिहिताना दिसतात. या खंडामुळे 1943 चा निबंध प्रथमच सहज वाचायला मिळाला, ही मोठी सोय झाली. पण आता नवे उद्धरण मूळ निबंधाला जाणार की पुनर्मुद्रणाला, हे उद्धृत करणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून आहे, आणि आधीच तुटपुंजा आकडा त्यामुळे आणखी फुटू शकतो.

तेव्हा शोधाचे साधन म्हणून मी या सेवेला पाचपैकी साडेचार तारे देईन आणि मापाचे साधन म्हणून दीड. विद्यार्थ्याने तिचा उपयोग कुणी कुणाचे काम पुढे नेले हे पाहण्यासाठी करावा. आकड्यावर थांबू नये, साइटेड-बायवर टिचकी मारून निदान पहिले वीस लेख उघडावेत आणि आपला गणितज्ञ तिथे खरोखर वापरला गेला आहे की प्रस्तावनेतील नावांच्या रांगेत उभा केला आहे, ते पाहावे. प्रोफाइल असणाऱ्याने नवे लेख आपोआप जोडण्याची सोय बंद करून पुष्टीसाठी ईमेल मागवण्याचा पर्याय निवडावा. सेवेचे अलर्ट उत्तम आहेत. कोसंबी या नावाचा एक मी लावून ठेवला आहे, त्याच्या ईमेल नियमित येतात, आणि त्यांत बहुतेक वेळा भात, गहू किंवा सोयाबीन यांचे जनुकीय नकाशे असतात, अधूनमधून प्राचीन भारतावरचा एखादा लेख असतो, आणि 1943 च्या त्या निबंधाचे नाव क्वचित कधी तरी दिसते.